धुऱ्यावरची तूर

आमच्या घरात भात बाबांचा होता आणि वरण आत्याचं. कागदावर तसं कुठे नव्हतं. आजोबांनी जाण्याआधी ओसरीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "गिरजा घरी परत आली हाय, तं धुरे तिचे." बाहेरच्यांसाठी सांगते. बांधी म्हणजे धानाचा तुकडा, ज्यात पाणी कोंडून ठेवायचं. आणि दोन बांध्यांच्या मधला जो मातीचा उंच बांध, तो धुरा. आमच्या मोहाडीकडच्या गावांत धान पाण्यात आणि तूर धुऱ्यावर, हे इतकं सवयीचं आहे की यंदा काय लावलं असं कुणाला विचारलं, तर तो नुसतं धान म्हणून सांगतो. तूर कुणी धरतच नाही. ती बायकांनी टोचायची, बायकांनी राखायची, बायकांनीच कापायची. पुरुष त्या धुऱ्यावरून दिवसभर ये-जा करतात, पण हातानं तुरीच्या फांद्या बाजूला सारायच्या, यापलीकडे त्यांचा तिच्याशी संबंध नसतो.

गिरजाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. तिचं सासर वैनगंगेच्या पलीकडे, कारध्याचा पूल ओलांडून पुढे बरंच आत. नवरा तापानं गेला तेव्हा तिची कुंदा नुकती भिंत धरून चालायला लागली होती. सासरच्यांनी आत्याला माहेरी आणून पोचवलं आणि पोरगी ठेवून घेतली. दिराला मूलबाळ नव्हतं, जाऊ त्या पोरीला खाली ठेवत नव्हती, आणि "पोरगी आमच्या घरची हाय" यापुढे त्यांच्याकडे दुसरं बोलणं नव्हतं. बाबा भांडायला म्हणून गेले आणि जेवून परत आले, असं माय शेवटपर्यंत चिडून सांगायची. ठरलं एवढंच, की आईनं वर्षातून एकदा यावं, आठ दिवस राहावं, लेकीला पाहून जावं.

त्या आठ दिवसांवर आत्याचं बाकीचं वर्ष चालायचं. संक्रांत झाली की धुऱ्यावरची तूर कापून अंगणात यायची. झोडपणं, पाखडणं, भिजवणं, पुन्हा वाळवणं, आणि मग जातं. आमच्या घरात एरवी पहाटेचा आवाज ढेकीचा असे. माय पायानं ढेकी दाबायची आणि मुसळ धानावर पडलं की भिंतीवरची भांडी थरथरायची. पण त्या दिवसांत ढेकीच्या जोडीला जात्याची घरघर सुरू व्हायची आणि घरभर भरडलेल्या तुरीचा तो थोडा कच्चा, थोडा गोड वास. त्याआधी शेंगा हिरव्या असतानाच आत्या सोलेभात करायची. तुरीचे ओले दाणे, लसूण, वरून कच्चं तेल. मी पुढे मोठमोठ्या पंगतीत जेवले, पण त्या सोलेभाताच्या तळाची खरपुडी मिळावी म्हणून माझी जी मारामारी चालायची तशी पुन्हा कशासाठी केली नाही. डाळ झाली की त्यातली चांगली, अख्खी, पिवळीजर्द डाळ आत्या एका पिशवीत वेगळी भरायची. ती पिशवी डोक्यावर घेऊन ती मोहाडीहून भंडाऱ्याची एस.टी. धरायची, भंडाऱ्याला उतरून दुसरी. जाताना तिचा चेहरा पाहण्यासारखा असे. सासरी ती कुणाची मिंधी म्हणून जात नव्हती, आपल्या धुऱ्याची डाळ घेऊन जात होती.

मी त्या घरातली थोरली आणि तोंडाळ पोरगी. भंडाऱ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सीला होते. रोज एस.टी.नं जायचं, संध्याकाळी परत यायचं आणि आल्याबरोबर घरातल्या सगळ्यांना शहाणपण शिकवायचं, असा माझा दिनक्रम. मायच्या कढीपत्त्याच्या झाडाला मी लॅटिन नावानं हाक मारायची. माय म्हणायची, "तुह्यं नाव घेऊन तं ते दोन पानं जास्त नाई देऊन राहिलं." आत्या मात्र सगळं ऐकून घ्यायची. भाकर थापता थापता मध्येच विचारायची, "मंग? मुळी खाली कायले जाते मग? तिले कोन सांगते खाली जाय म्हनून?" आमच्या सरांनी वर्गात जे सांगितलं ते मी तिला सांगायची. शेंड्याकडून निरोप येतो, शेंड्याच्या पेशी एक द्रव्य बनवतात, ते खाली उतरतं, त्यावरून खालच्या पेशींना कळतं कुणी काय व्हायचं. "म्हणूनच तू तुरीचे शेंडे खुडतेस की नाही," मी म्हणायची, "शेंडा गेला की त्याचा हुकूम जातो, आणि बाजूचे डोळे फुटतात." आत्या हसायची. शेंडे खुडायला ती तिच्या सासूकडून शिकली होती, हुकुमाचं तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मला पुढे नागपूरला जायचं होतं, एमएस्सीला. बाबा वाईट माणूस नव्हते, पण पोरीनं होस्टेलात राहायचं हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. ते सरळ नाही म्हणत नव्हते, हे अधिक वाईट. एकदा धानाचं रोवणं, म्हणजे लावणी, आटोपल्यावर ओसरीत बसून म्हणाले, "तू जे शिकून राहिली, त्याचा आपल्या बांधीत काई उपेग हाय का? दाखव. मंग पाहू नागपूरचं." झालं. मला तेवढंच पाहिजे होतं. त्या साली निंदणाला बाया मिळत नव्हत्या, माय आणि आत्या दोघीच दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून तण उपटत होत्या. संध्याकाळी आत्या पाठ सरळ करायला भिंतीला टेकायची तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघायचा. मला तिची दया येत होती, हेही खरं आहे. पण नुसती दया असती तर मी पदर खोचून तिच्याबरोबर चिखलात उतरले असते. मला बाबांना दाखवायचं होतं.

भंडाऱ्याच्या बियाण्याच्या दुकानात टू-फोर-डी या तणनाशकाची पुडी मिळत होती. त्याबद्दल आम्हाला वर्गात शिकवलं होतंच. गवताच्या जातीच्या पिकाला त्याचा त्रास नाही, रुंद पानाचं तण मात्र वेडंवाकडं वाढून मरतं. धान म्हणजे गवतच. मी पुडी आणली, पाठीवरचा पंप बाबांनी शेजारून मागून आणला, आणि एका श्रावणातल्या दुपारी आमचा प्रयोग सुरू झाला. बाबांच्या पाठीवर पंप, मी औषध कालवायला आणि हुकूम सोडायला, आणि बोडीतून, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातून, बादल्या भरभरून आणून द्यायला आत्या. बाबा पंप घेऊन बांधीत उतरायला लागले तर मीच ओरडले, "बाबा, धानात पाय नको! नवीन रोपं तुडवाल. धुऱ्यावरूनच मारा, तिथून पोचते." बाबांनी ऐकलं. ते धुऱ्यावरून, गुडघ्याएवढ्या झालेल्या तुरीतून चालत गेले आणि दोन्ही बाजूंच्या बांध्यांवर फवारा मारत राहिले. बोडीवरून वारा येत होता. उन्हात तो फवारा पांढरा दिसायचा आणि मागे वळून आमच्याच अंगावर यायचा. मी पदरानं तोंड पुसत होते आणि मनातल्या मनात नागपूरला पोचले होते.

आता कुणी म्हणेल, बाई, तू वनस्पतिशास्त्राची, तुला तूर दिसली नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की त्याची धार गेली. परीक्षेत विचारलं असतं तूर कोणत्या वर्गातली, तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं, द्विदल, रुंद पानाची. पण धुऱ्यावरची तूर मला पीक वाटतच नव्हती. शेत म्हणजे बांधी आणि बांधी म्हणजे धान, हे बाबांच्या डोक्यात जितकं पक्कं होतं तितकंच माझ्याही. दोन बुकं शिकले तरी मी पाहत होते ते बाबांच्याच डोळ्यांनी. त्या तुरीच्या वरणावर मी वाढले आणि ऐन वेळी ती हिशेबातच धरली नाही. लाज वाटते.

दोन-चार दिवसांत बांधीतला माका, ते रुंद पानाचं तण, पिळवटून पडायला लागला. बाबा खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते, "पोट्टीनं केलं हे, माह्या पोट्टीनं." आणि त्याच आठवड्यात आत्यानं मला धुऱ्यावर बोलावलं. तिनं एक झाड दाखवलं. वरची पानं वाटीसारखी आत वळली होती. देठं खाली लोंबत होती, खोड एका बाजूला वाकून पुन्हा वर यायचा प्रयत्न करत होतं आणि पुन्हा वाकत होतं. पुढचं झाड तसंच. त्याच्या पुढचंही. अख्खा धुरा तसा. मला एका क्षणात कळलं काय झालं ते, कारण मी पुस्तकात त्याचंच चित्र पाहिलं होतं. आत्या एकेका झाडाला हात लावत म्हणाली, "पाह्य ना शशे, कसे करून राहिले हे. यायले दुखत असन का?" मी म्हटलं, "आत्या, हे औषधानं झालं." ती म्हणाली, "चाल, घरी चाल."

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी लपवलं असं कुणाला वाटू नये. लपवलं असतं तर आज निदान सरळ एक चूक म्हणून तिच्याकडे पाहता आलं असतं. बाबा ओसरीत चहा पीत होते, माय चुलीपाशी, आत्या दाराच्या चौकटीला टेकून सूप घेऊन बसलेली. मी म्हटलं, "बाबा, धुऱ्यावरची सगळी तूर खराब झाली. आपल्या औषधानं."

बाबा हसले. "औषध बांधीत मारलं का धुऱ्यावर?"

"वाऱ्यानं गेलं. आणि धुऱ्यावरून मारा असं मीच सांगितलं."

बाबांचा पेला खाली आला. ते काहीतरी बोलणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "औषधाचं काई नाई दादा. शेंडे मी मागच्या अवसेले खुडले. पोळ्याच्या कामात पुढं होईन नाई म्हनून आधीच खुडून टाकले, अवस हाय हे ध्यानातच नाई आलं. माह्या हातानं झालं ते."

"आत्या, तसं नसतं," मी म्हटलं, "अवसेनं असं—"

"तू चूप राय," आत्या म्हणाली. ती माझ्याशी कधी अशी बोलली नव्हती. "सारंच तुह्या बुकात असते का?"

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवणं त्यांना सोपं होतं. धान इतकं छान उभं असताना औषध वाईट कसं म्हणावं? "जाऊ दे गिरजे," ते म्हणाले, "व्हायचं ते झालं. तुरीचं काय येवढं." आणि पुन्हा चहा प्यायला लागले. मायनं चुलीतलं लाकूड जोरात पुढे सारलं. आणि मी? मी खरं सांगितलं होतं, कुणी मानलं नाही, आणि कुणी मानलं नाही म्हणून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बरं वाटलं मला. छान बरं वाटलं. दुसऱ्यांदा मी तोंड उघडलं नाही. माणसाला आपल्या आयुष्यातला नेमका कोणता क्षण परत मिळावासा वाटतो ते मला चांगलं माहीत आहे. तो तोच चहाचा वेळ आहे.

तूर मेली नाही, हे त्यातलं सगळ्यात कठीण. मेली असती तर उपटून टाकली असती. ती वाढत राहिली. खोडं फुगली, तडकली, काही ठिकाणी खोडातून हवेतच बारीक पांढऱ्या मुळ्या बाहेर पडल्या, जमीन कुठे आहे हे न कळल्यासारख्या. आत्या रोज जायची तिकडे. फुलं आली थोडी, ती गळली. त्या वर्षी धान मात्र असं झालं की बाबांना मिशीवरून हात फिरवल्याशिवाय गल्लीतून जाता येत नव्हतं. माझं नागपूर त्या धानानंच पक्कं केलं. बाबा स्वतः म्हणाले, "जाय. पोट्टी हुशार हाय, उगीच अडवून काय करू." आत्यानं माझ्यासाठी पोहे, चिवडा, लोणच्याची बरणी, सगळं आधीच काढून ठेवायला सुरुवात केली.

संक्रांत आली तेव्हा अंगणात काहीच आलं नाही. जातं बंद होतं. माय म्हणाली, मोहाडीच्या बाजारातून तूर आणू, भरडून दे, कुणाला कळते? आत्या म्हणाली, "मले कळते ना." माय म्हणाली, मग डाळीशिवाय जा, लेकीला भेटायला जातेस की डाळ वाढायला? आत्या म्हणाली, "हात हालवत गेले तं माही जाऊ म्हनन, जेवाले आली. पोरगीच्या समोर म्हनन. पोरगी आता मोठी झाली वहिनी, तिले समजते. पुढल्या साली जाईन ना." आणि ती गेली नाही. तिच्या सासरच्या गावचा एक जण बाजारात भेटला, त्यानं बाबांना सांगितलं की कुंदा रोज शाळा सुटली की फाट्यावर येऊन उभी राहते आणि गाडीतून उतरणाऱ्या बायांची तोंडं पाहते. बाबांनी ते घरी येऊन जेवताना सांगितलं. आत्या वाढत होती. तिनं बाबांच्या पानात भात वाढला, वरून वरण वाढलं. ते बाजारच्या डाळीचं होतं. मग ती मागच्या अंगणात गेली आणि पुष्कळ वेळ आत आली नाही. मी उठून तिच्यामागे जायला पाहिजे होतं. मी ताटावर बसून राहिले.

पुढच्या वर्षी मी नागपूरला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आले तेव्हा मायनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. आत्या डाळ घेऊन गेली होती, मोठी पिशवी, नेहमीपेक्षा मोठी. आणि आठ दिवसांऐवजी दोन दिवसांत परत आली. कुंदा तिच्याजवळ आली नाही. पाया पडली, पाहुण्यांच्या पडतात तशी, आणि काकूच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. निजायलाही काकूकडेच. आत्यानं मायला एवढंच सांगितलं की पोरगी आता गुणाची झाली, काकूला सोडत नाही, बरं आहे. त्यानंतर आत्या दरवर्षी गेली, पण एका दिवसासाठी. कुंदाच्या लग्नात कन्यादान काका-काकूंनी केलं, आत्या बायकांच्यात बसून अक्षता टाकून आली. होस्टेलच्या मेसमध्ये पाण्यासारखं वरण असायचं आणि पोरी त्यावरून रोज दंगा करायच्या. मी कधी केला नाही. मला ते पाणीच बरं होतं.

पुढे मी वनस्पतिशास्त्रच शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. दरवर्षी तो पाठ यायचा आणि दरवर्षी मी तो इतक्या घाईनं शिकवायची की पोरं तक्रार करायची. आम्ही शिकलो तेव्हा निरोप आहे हे माहीत होतं, निरोप ऐकणारा कोण ते माहीत नव्हतं. ते पुष्कळ नंतर सापडलं, माझे केस पिकल्यावर. पेशीच्या आत जनुकांवर एक पहारेकरी बसलेला असतो, वाढू नको म्हणून दाबून ठेवणारा. आणि पेशीत एक ग्राही असतो, निरोप धरणारा. शेंड्याकडून, वरच्या पेशीतून खालच्या पेशीत असं हातोहात उतरत आलेलं ते द्रव्य, ऑक्झिन, त्या ग्राहीच्या खोबणीत बसलं, की ग्राही त्या पहारेकऱ्याला पकडून मोडीत पाठवतो. पहारा उठतो, पेशी कामाला लागते. कुठल्या पेशीला किती निरोप मिळाला, त्यावर ठरतं तिनं काय व्हायचं. ज्या पेशींच्या रांगेतून निरोप सारखा वाहत राहतो त्यांच्याच पुढे पाणी वाहणाऱ्या नळ्या होतात, पायवाट पडते तशा. काम झालं की झाड ते ऑक्झिन मोडून टाकतं, पहारेकरी परत येऊन बसतो. टू-फोर-डी त्याच खोबणीत जाऊन बसतं, पण तुरीला ते मोडता येत नाही. धान पुष्कळसं निभावून नेतं, तूर नाही. निरोप येतच राहतो. सगळ्या पेशींना एकदमच सांगितलं जातं, वाढ, वाढ, वाढ. मूळ कुणी व्हायचं, शीर कुणी व्हायचं, कुणाला काही कळेनासं होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजच्या वाचनालयात होते. चष्मा काढून बसले. शिपायानं येऊन विचारलं, मॅडम, बरं नाही का?

त्या उन्हाळ्यात मी गावी गेले आणि आत्याला हे सगळं सांगितलं. तिचं वय झालं होतं, पण हात रिकामा ठेवायची नाही; अंगणात निंबाच्या सावलीत बसून चिंच फोडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि एखाद्या वर्गाला शिकवावं तसं तिला शिकवलं. पहारेकरी, ग्राही, खोबण, सगळं. ती चिंचोके एका बाजूला टाकत ऐकत होती, पूर्वीसारखीच.

"म्हंजे त्या झाडाले वाटलं, का आपल्याच शेंड्यानं सांगितलं?" तिनं विचारलं.

"हो."

"अन् त्यानं आयकलं."

"हो आत्या. म्हणून सांगते, तुझ्या शेंडे खुडण्यानं काही झालं नव्हतं. अवसेचाही काही संबंध नाही. ते माझ्या औषधानं झालं होतं. तुझी काही चूक नव्हती."

"मले मालूम होतं ना," आत्या म्हणाली.

मला आधी वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "काय मालूम होतं?"

"औषधानंच झालं म्हनून. बादल्या भरून मीच देऊन राहिली होती. वारा मले दिसत नोता का? अन् शेंडे कुठी खुडले होते मी तोवर? ते तं पोळा झाल्यावर खुडत होते मी, दरसाली."

"मग तू तसं काहून म्हणालीस? बाबांसमोर?"

"दादानं तुले घरी बसवलं असतं, अन् काय! तुनं तं बोलून टाकलं होतं, येडे. त्याचा पेला खाली आला तवाच मले समजलं." तिनं एक चिंच घेतली, आपटली, शिरा काढल्या. "एक पोरगी तं माही गेलीच होती. दुसरीले घरात कोंडून काय करू?"

मी म्हटलं, "आणि कुंदा?"

आत्याचे हात थांबले. "एका सालाची तं गोष्ट होती," ती म्हणाली. "मले वाटलं लेकरू हाय, इसरून जाईन. मी पुढल्या साली गेली का येईन धावत." मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "ऊन अंगावर आलं बाप्पा, तिकडं सरक." आम्ही दोघी सरकलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या सुटकेचं मला जे बरं वाटलं होतं ते निदान फुकटचं होतं. ते कुणीतरी मला दिलेलं होतं, हे मला माझ्या साठीच्या आसपास कळलं.

आत्या गेली ती शांतपणे, आजारी न पडता. तेरवीला कुंदा आली. मी तिला लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिलं असेल. केस पिकलेले, आत्यासारखाच रुंद कपाळाचा चेहरा, कमी बोलणारी. पंगत उठल्यावर मी मागच्या अंगणात हात धुवायला गेले तर ती तिथे एकटी उभी होती. मी तिला पाणी दिलं. ती हात धुता धुता म्हणाली, "ताई, एक इचारू? त्या साली आई काहून नाई आली? तुमाले तं ठाऊक असन."

कोणत्या साली, हे मी विचारलं नाही. "तिनं तुला कधी सांगितलं नाही?"

"सांगे ना. तूर बिघडली म्हने, डाळ नोती. पन डाळ नाई म्हनून माय लेकीले पाह्यले येत नाई, हे काई मले पटलं नाई कधी. मी रोज फाट्यावर जाऊन उभी राहत होती."

मग मी तिला सांगितलं. औषध मी आणलं, धुऱ्यावरून मारा असं मी म्हटलं, तूर माझ्यामुळे गेली. आणि माझं शिक्षण राहून जाऊ नये म्हणून तिच्या आईनं ते स्वतःवर घेतलं. विज्ञानाचं काही सांगितलं नाही. मी थांबले तेव्हा आतून ताटं गोळा केल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी कुंदाला हाक मारत होतं. ती हलली नाही.

"म्हंजे तुमच्यासाठी," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

"अन् मले इतके साल वाटे," कुंदा म्हणाली, "का माह्यातच काई कमी असन."